ऑनलाइन वर्ग पहिल्यांदाच हाताळताना

बडोद्यात यंदाच शिकवायला लागलेल्या तुम्हाला गूगल क्लासरूममधले सगळे काही आजच यायला हवे असे मुळीच नाही. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी नीट जमल्या, तरी सत्र व्यवस्थित पार पडेल.

सर्वांत महागात पडणारी चूक गृहपाठाला फाइल जोडताना होते. तिथे तीन पर्याय येतात: विद्यार्थ्यांनी फाइल फक्त पाहावी, तिच्यात बदल करावेत, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र प्रत मिळावी. घाईत दुसरा निवडला गेला, की सगळा वर्ग एकाच पानावर लिहू लागतो. माझ्या पहिल्या वर्षी एका मुलीने रात्री जागून लिहिलेले उत्तर सकाळी दुसऱ्याच्या हातून पुसले गेले होते, आणि तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून गृहपाठ देण्यापूर्वीच तिसरा पर्याय निवडा.

विद्यार्थ्यांची तक्रार मात्र वेगळीच असते: अर्ध्या सूचना व्हॉट्सॲपवर आणि अर्ध्या क्लासरूममध्ये. जागा एकच ठरवा आणि ती मोडू नका. पादरा-डभोईहून ये-जा करणारी मुले बहुधा मोबाइलवरच वाचतात, त्यामुळे लांबलचक व्हिडिओपेक्षा दोन पानांची पीडीएफ त्यांना अधिक उपयोगी पडते.

प्रश्नमंजूषा आणि गुणदानाचे तक्ते पुढच्या सत्रात पाहू. तोवर कुठे अडलात, तर निःसंकोच विचारा.