चिनी वैद्य नुसती नाडी धरून आजार ओळखतात, हे खरं आहे का? पुण्यात असा उपचार घ्यावा का?

नाही. 'नुसती नाडी धरून सगळं सांगतो' असं म्हणणारा चीनमधला असो की सदाशिव पेठेतला, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हा विषय आमच्या घरात दर दिवाळीला पेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिनी वैद्यकात तपासणीचे चार भाग: बघणं, ऐकणं आणि वास घेणं, विचारणं, हात लावून तपासणं. नाडी चौथ्या भागात येते, आणि पोट किंवा दुखरी जागा दाबून बघणंही त्यातच. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं, प्रत्येक बोटाखाली एकेक अवयव मानतात. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा (पानथरी) आणि पुन्हा मूत्रपिंड. आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबतात. ली शिझेन या चिनी वैद्यांनी १५६४च्या ग्रंथात नाडीचे २७ प्रकार दिलेत. त्यातला एक म्हणजे ताटलीत मोती घरंगळावेत तसा. त्यांची 'प्लीहा' सोनोग्राफीत शोधू नका. पचन, ताकद, रक्त जागच्या जागी राहणं, एवढा सगळा कारभार ते तिच्याकडे देतात.

माझं सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमध्ये हांगचौला राहत होतो. धाकटीच्या जन्मानंतर माझी झोप गेली ती गेलीच. त्याआधी पुण्यात एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली होती, वर 'टेन्शन घेऊ नका'. हांगचौची शेजारीण मला चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात घेऊन गेली, भाषांतरही तिनेच केलं. वैद्यबाई साठीच्या. माझी जीभ बघून म्हणाल्या, घासून आलीस का? आपल्याकडे जीभ घासल्याशिवाय कुणाची सकाळ होते? त्यांना तर जिभेवरचा थरच बघायचा होता. दुसऱ्या दिवशी न घासता, चहा न घेता गेले. जीभ फिकट, कडांना दातांचे ठसे, थर पातळ पांढरा, असं त्यांनी लिहून घेतलं. मग प्रश्न. झोप लागतच नाही की मध्येच मोडते? स्वप्नं पडतात? घाम कधी येतो? पाणी गार हवंसं वाटतं की कोमट? शौच सैल की घट्ट? पाळीत गाठी जातात? जेवल्यावर गळून गेल्यासारखं होतं? इतकं मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. मनगट हातात घेतलं ते सगळ्यात शेवटी.

निदान असं की प्लीहा दुबळी, म्हणून रक्त कमी, म्हणून मन ठिकाणावर नाही. 'गुइ पी तांग' नावाचा जुना काढा दिला: लोंगान फळाचा गर, रानबोराच्या बिया, ज्येष्ठमध, आलं आणि बरंच काही. झोप न येणाऱ्या दुसऱ्या बाईला कदाचित वेगळाच काढा मिळाला असता. रुग्णालयच तो उकळून बंद पाकिटांत देतं, आपण फक्त गरम करून प्यायचा. त्याच वैद्यबाईंनी रक्तही तपासायला लावलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्याही दिल्या. हळूहळू रात्र सलग जाऊ लागली.

धाकटे दीर पुण्यात एमडी आहेत. ते म्हणतात, "वहिनी, ती कमाल गोळ्यांची, काढ्याची नाही." असेल, भावोजी. पण रक्त तपासावं हे सुचलं कुणाला? ज्यांनी जीभ बघितली त्यांना.

पुण्याचं म्हणाल तर काढ्यांच्या फंदात पडू नका. चिनी वनस्पती ऑनलाइन मागवून तर मुळीच घेऊ नका. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी चुकून दुसरी गेली, तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. गरोदर असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गाठ, छातीत दुखणं, न उतरणारा ताप यासाठी सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

अ‍ॅक्युपंक्चरचं वेगळं आहे. सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजय कुमार बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. महाराष्ट्रात आता त्यासाठी कायदा आहे. जाल तिथे नोंदणी विचारा, सुयांचं पाकीट समोर फोडायला लावा. पाठ, मान, गुडघा दुखत असेल तर करून बघायला हरकत नाही.

आणि भावोजी, हे वाचत असाल तर सासूबाईंची झोपेची गोळी अजून चालूच आहे. येत्या रविवारी त्यांच्यापाशी तासभर बसा आणि त्या वैद्यबाईंनी मला विचारलं ते सगळं त्यांना विचारा.