टेबलाशी कोण बसलं होतं?

प्रिय मुली,

परवा तू विचारलंस, "सर, मॉरिशसच्या ज्या कंपनीत कामाला एक माणूस नाही, तिचा भारतातला नफा करमुक्त कसा? आणि असलं काम मी करू का?" मी घाईत होतो, तुला नीट उत्तर दिलं नाही. त्याची रुखरुख लागून राहिली आहे.

आधी एक कर. दोन देशांमधल्या कर-कराराचं कलम पाठ करत बसू नकोस, ते लिहिलं तेव्हा टेबलाशी कोण बसलं होतं ते शोध. 1923 मध्ये राष्ट्रसंघासाठी (लीग ऑफ नेशन्स) दुहेरी करावर, म्हणजे एकाच उत्पन्नावर दोन देशांनी घेतलेल्या करावर, अहवाल लिहिणारे चार अर्थतज्ज्ञ नेदरलँड्स, इटली, अमेरिका आणि ब्रिटनचे. वसाहतींतला एकही नाही. 1943 मध्ये युरोप युद्धात अडकलेला असताना मेक्सिको सिटीत लॅटिन अमेरिकी देश जमले. मसुदा काय निघाला? नफा जिथे पिकतो, करावर पहिला हक्क त्या देशाचा. 1946 मध्ये लंडनला युरोपीय परतले आणि पारडं पुन्हा गुंतवणूकदाराच्या देशाकडे झुकलं. विषय तोच होता गं, टेबलाशी बसलेली माणसं बदलली!

मॉरिशसच्या 1982च्या करारात तर टेबलाशी आपणच होतो. शेअर्स विकून झालेला भांडवली नफा फक्त गुंतवणूकदाराच्या निवासी देशात करपात्र, असं आपण लिहून दिलं, आणि मॉरिशसमध्ये त्यावर कर नव्हताच. 2000च्या सरकारी परिपत्रकाने टीआरसी, म्हणजे कंपनी मॉरिशसची निवासी असल्याचा तिथला दाखला, पुरेशी मानली. त्यानंतर कितीतरी फायली मी तयार केल्या. कंपनी मॉरिशसमधूनच चालते असं दिसावं म्हणून संचालकांची सभा तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईला झाल्याची मिनिट्स (सभेचं इतिवृत्त) मी नरिमन पॉइंटला बसून आधीच टाइप करून ठेवायचो. हजर संचालकांच्या नावांपुरती जागा मोकळी सोडायची.

कायदा आमच्या बाजूने होता. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते परिपत्रक उचलून धरलं. घर चालवायचं होतं, मी न करतो तर शेजारच्या केबिनमधल्याने केलं असतं. पण ती मोकळी जागा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. करार बदलला 2016 मध्ये, तोही 1 एप्रिल 2017पासून घेतलेल्या शेअर्सपुरता.

तेव्हा काम सोडू नकोस. सोडून कुणाचं भलं होणार आहे? आयकर खात्यालाही करार कोळून प्यायलेली माणसं लागतात. फक्त न झालेल्या सभेची मिनिट्स लिहू नकोस, कुणीही सांगितलं तरी. आणि मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या 15 टक्के जागतिक किमान कराचं कौतुक ऐकलंस की पुन्हा तेच विचार, टेबलाशी कोण होतं? 2021च्या त्या समझोत्यात केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका सामील झाले नाहीत. त्यांचं म्हणणं मुळातून वाच, कुणाच्या सारांशावर जाऊ नकोस.

शनिवारी ये. मेक्सिको आणि लंडन, दोन्ही मसुद्यांच्या प्रती काढून ठेवतो. लाभांशाचं कलम शेजारी-शेजारी ठेवून वाचू.

तुझा,
सर