वाचकांचे प्रश्न : जुन्या चिरेबंदी घरातील ओल

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचे आजोबांच्या काळातील कौलारू घर आहे. भिंती चिऱ्यांच्या, दीड फूट जाड असून जोडकाम मातीचे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला, त्यावर प्लास्टिक पेंट दिला आणि अंगणात थेट भिंतीपर्यंत पेव्हर बसवले. तेव्हापासून वसरीच्या भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग पावसाळ्यात फुगतो, पोपडे सुटतात आणि पांढरी पूड गळते. दरवर्षी चतुर्थीपूर्वी तो भाग खरवडून आम्ही पुन्हा रंगवतो. शिवाय एसी असलेल्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरते. ठेकेदाराने भिंतीला छिद्रे पाडून रसायन भरण्याचा आणि चार फुटांपर्यंत टाइल लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : टाइल लावू नयेत, आणि रसायनावरही तूर्त पैसा घालू नये. मातीच्या जोडकामाच्या भिंतीत जागोजागी पोकळ्या असतात. भरलेले रसायन कोणत्या फटीतून वाहून गेले आणि कोठे पोहोचलेच नाही हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे पाणी अडवणारा सलग थर तयार होईल याची खात्री देता येत नाही. टाइलमुळे तर ओल केवळ झाकली जाते. बाहेर पडायला वाट न मिळालेले पाणी आणखी वर चढते आणि आज कमरेला सुटणारे पोपडे उद्या टाइलच्या वरच्या कडेला सुटू लागतात.

आपल्या घरात ओलीचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांचे उपाय एकमेकांहून अगदी वेगळे आहेत. वसरीतील ओल जमिनीतून येते. चिरा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे जोत्यातील पाणी तो वर शोषून घेतो; अशी ओल सहसा मीटरभर चढते, आणि आपण लिहिलेली कमरेपर्यंतची रेघ याच्याशी जुळते. जुन्या काळीही ती चढत होतीच, परंतु चुन्याच्या गिलाव्यातून पाण्याची वाफ होऊन निघून जात असे. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट यांनी ती वाट बंद केली. आता पाणी रंगामागे सुकते, त्यात विरघळलेल्या क्षारांचे स्फटिक तेथेच वाढतात आणि रंगाला ढकलून पाडतात. पांढरी पूड म्हणजे हाच लोणा.

त्यात पेव्हरची भर पडली. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीच्या अंगणात पागोळ्यांचे पाणी पडल्याजागी मुरत असे. पेव्हरवर ते उसळून भिंतीवर येते. जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहावे आणि पागोळ्या नेमक्या कोठे पडतात, शिंतोडे भिंतीवर किती उंच जातात, भिंतीच्या पायाशी पाणी साचते का, हे नीट पाहावे. ठेकेदाराच्या कोणत्याही यंत्रापेक्षा या निरीक्षणावर माझा अधिक विश्वास आहे.

कामाची सुरुवात म्हणूनच बाहेरून करावी. भिंतीलगतचे पेव्हर दोनेक फुटांच्या पट्ट्यात काढून तेथे खडी भरावी, अंगणाचा उतार घरापासून दूर ठेवावा, वळचणीला पन्हळ बसवून पाणी गटारात सोडावे आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट खाली ठेवावी. दिवाळीनंतर भिंतीवरील सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढावा. हे काम हलक्या हाताने, छिन्नीने करून घ्यावे, कारण मशीन लावल्यास चिऱ्याचे कोपरे उडतात. उघड्या चिऱ्यावर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकावा. तो पाण्याने धुतल्यास विरघळून पुन्हा भिंतीत जातो. भिंत जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना या गतीने वाळते असा बांधकामातील ढोबळ हिशेब आहे. तेव्हा एका उन्हाळ्यात ती पूर्ण वाळणार नाही, परंतु तिला मार्चपर्यंत तरी उघडी ठेवावी. त्यानंतर एक भाग चुना व तीन भाग वाळू असा गिलावा करून तो काही दिवस दमट ठेवावा आणि त्यावर चुन्याचाच रंग द्यावा. चुन्याला घट्ट होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून हे काम एप्रिलच्या आत संपवावे.

चतुर्थीपूर्वी घर रंगवण्याची आपल्याकडील हौस मी समजू शकतो. परंतु ऑगस्टमध्ये भिंत वर्षातील सर्वाधिक ओली असते, आणि त्या वेळी दिलेला रंग टिकत नाही. या भिंतीपुरते तरी रंगकाम उन्हाळ्यात उरकावे. गिलावा काढल्यावर भिंतीत टेकलेली लाकडी तुळयांची टोके वाळवीसाठी तपासावीत आणि ओल्या भागातील विजेचे स्विच इलेक्ट्रिशियनला दाखवावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

कपाटामागील बुरशीचे कारण बहुधा हवेतील बाष्प आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. रात्रभर एसीने भिंत त्याहून थंड झालेली असते, सकाळी खिडकी उघडताच दमट हवा आत शिरते, आणि कपाटामागे वारा खेळत नसल्याने तेथील ओलावा टिकून राहतो. खात्रीसाठी भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावी. पाणी खोलीकडील बाजूस दिसले तर ते हवेतील; भिंतीकडील बाजूस दिसले तर भिंतीतील. हवेतील असल्यास एसी २५-२६ अंशांवर ठेवावा, कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढावे, आणि पावसाळ्यात त्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत.

प्रश्न : काणकोणला समुद्राजवळ आमचे जुने घर आहे. जुलैमध्ये भिंतीवर ओले डाग येतात आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप जातात. गळती कोठेच सापडत नाही.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : गळती नसेलही. गिलाव्याच्या वाळूत किंवा भिंतीत मीठ असेल, तर हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर जाताच ते हवेतील पाणी ओढून घेते, आणि कोरड्या दिवसांत ते पाणी उडून जाते. छपरावर जलरोधक लेप देऊन हे डाग जाणार नाहीत. डाग पडणारा गिलावा चहूबाजूंनी थोडा जास्त खरवडून काढावा आणि नवा गिलावा गोड्या पाण्याने धुतलेल्या नदीच्या वाळूतच करावा. खाडीची वाळू चालणार नाही, ही अट ठेकेदाराला काम देतानाच लेखी घालावी.