बॅरल रेसिंगमध्ये (त्रिकोणात ठेवलेल्या तीन पिंपांना वळसे घालत घोडा भरधाव पळवायची शर्यत) घोडी पिंपाला फार रुंद वळसा घालते. तिला चटकन वळायला कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की घोडी ९ वर्षांची क्वार्टर हॉर्स (थोड्या अंतरात वेगवान पळणारी अमेरिकन जात) आहे, सरळ पळताना कोणाला ऐकत नाही, पण पहिल्या पिंपाला पुढे निघून जाते. मग तुम्ही लगाम ओढता, तिची मान वळते आणि बाकीची घोडी सरळच जात राहते. वाचताना हसू आलं, कारण हेच मी दोन वर्षं केलंय. मी टेक्ससमध्ये राहते, हौशी स्पर्धांत पळते. (आई अजून फोनवर विचारते, पिंपाभोवती घोडा फिरवायला एवढे पैसे कशाला?)

वळायला तिला येतंच. कुरणात मागून कुत्रा आला तर तुमची घोडी जागच्या जागी गिरकी घेऊन पळेल. तेव्हा पाठीवर तुम्ही नसता, एवढाच फरक. त्यामुळे आधी स्वतःकडे बघा.

वळण बिघडतं ते पिंपाच्या दोन-तीन ढांगा आधी. भरधाव येताना तिचं सगळं वजन पुढच्या पायांवर असतं. तिथे तिने वेग आवरून मागचे पाय पोटाखाली घ्यायला हवेत. इथे याला ‘रेट’ म्हणतात. हे लगाम ओढून होत नाही, तुमच्या बैठकीने होतं. पळताना तुम्ही पुढे झुकलेल्या असता. पिंप जवळ आलं की कंबर सैल सोडून खोगिरात खोल बसायचं. हे तिला चालत चालत शिकवा. पिंपाजवळ आलात की बसा, थांबवा, दोन पावलं मागे घ्या, मगच वळा. नंतर तेच दुडकीवर. माझ्या घोडीला तीन आठवडे लागले. एक दिवस मी नुसता श्वास सोडून खाली बसले आणि तिचा पुठ्ठा, म्हणजे शरीराचा मागचा भाग, माझ्याखाली खचल्यासारखा झाला. ते एकदा जाणवलं की मग शोधावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, जागा. सरळ पिंपावर नेम धरून येऊ नका. पिंपापासून चार-पाच फूट बाजूचा बिंदू धरा. आत शिरताना ऐसपैस, बाहेर पडताना चिकटून. बहुतेक जण उलटं करतात: घासून शिरतात आणि मग घोडा बाहेर फेकला जातो. तुमचा गुडघा पिंपाच्या बरोबरीला येईपर्यंत वळण मागायचं नाही. घाई केलीत की तिचा आतला खांदा पडतो, पिंप आडवं होतं आणि ५ सेकंदांचा दंड बसतो. जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो तिथे ५ सेकंद म्हणजे घरी जा.

वळताना बाहेरचा हात खोगिराच्या शिंगावर (पुढचा उभा खुंटा), आतला हात किंचित वर. मांडीकडे ओढायचा नाही, नाहीतर नुसतं नाक येतं. आतला पाय तंगाजवळ लावून ठेवा, म्हणजे बरगड्या पिंपाभोवती वाकतात. आणि पिंपाकडे बघू नका! माझ्या नवऱ्याने काढलेल्या व्हिडिओत मी प्रत्येक वेळी पिंपाकडे टक लावून त्याच बाजूला कललेली दिसत होते. दोष मात्र घोडीला देत होते.

फेरी झाली की उतरून जमिनीवरचे ठसे बघा. माती नीट उकरलेली असेल तर सगळं लिहिलेलं असतं. मागच्या खुरांचे ठसे खोल आणि पिंपाजवळ असतील तर तिने पुठ्ठ्यावर वळण घेतलंय. पुढच्या खुरांनी बाहेरच्या बाजूला माती उडवली असेल तर ती खांद्यावर वळतेय. प्रशिक्षकाचे पैसे वाचतात.

लीड तपासा, म्हणजे पळताना कोणत्या बाजूचे पाय पुढे पडतात ते. बहुतेकांसारखं तुम्हीही उजवं पिंप आधी घेत असाल, तर पहिलं वळण उजवं आणि पुढची दोन डावी. प्रमाण मापाच्या रिंगणात पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट असतात. तेवढ्यात तिने उजवी लीड सोडून डावी धरायला हवी. पुढे डावी आणि मागे उजवी राहिली तर दुसरं वळण बैलगाडीसारखं होतं.

सराव पिंपांवर कमी, वर्तुळांवर जास्त. दुडकीवर ४० फुटांचं वर्तुळ घ्या, हळूहळू १२-१५ फुटांवर आणा, मग आतल्या पायाने ढकलत पुन्हा मोठं करा. दोन्ही बाजूंनी. पूर्ण वेगात तिन्ही पिंपं मी घरी महिन्यातून एखाद्या वेळीच करते. रोज केलं की घोडी दारातच उड्या मारायला लागते, आत जायलाच नको म्हणते.

कोणीतरी तुम्हाला कडक बिट (घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी) लावा म्हणून सांगेल. मी लावणार नाही. १९८५ च्या नॅशनल फायनल्स रोडिओमध्ये (अमेरिकेतली वर्षअखेरची मोठी स्पर्धा) शार्मेन जेम्स या स्वाराच्या स्कॅम्पर घोड्याच्या तोंडावरचा लगाम ऐन फेरीत सुटला, तरी त्याने तिन्ही वळणं घेतली आणि ती फेरी जिंकली. १९८४ ते १९९३ सलग १० जागतिक विजेतेपदं या जोडीची. तोंड ओढून वळणाऱ्या घोड्याकडून हे झालं नसतं. सावकाश सरावाला साधा गुळगुळीत स्नॅफल, म्हणजे सौम्य बिट, पुरतो.

हे सगळं सुरू करण्याआधी मात्र पशुवैद्याला दाखवा. माझी घोडी उजवीकडे छान वळायची आणि डावीकडे रुंद जायची. मी तिला हट्टी समजून टाचा मारत होते. डॉक्टरने मागचा डावा पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडून दुडकी काढायला लावली. ती सरळ लंगडली. डाव्या वळणात सगळा भार त्याच सांध्यावर येतो. त्या संध्याकाळी मी तबेल्यात बराच वेळ तिच्याजवळ बसून होते. दात आणि खोगिराची बसणीही त्याच भेटीत बघून घ्या.

तुमची घोडी फक्त पहिल्याच पिंपाला रुंद जाते की तिन्हींना, ते लिहिलेलं नाही. फक्त पहिल्याला असेल तर रेट. डाव्या दोन्हींना असेल तर आधी पाय. व्हिडिओ असेल तर टाका, पिंपाच्या चार-पाच ढांगा आधीपासूनचा.