बस की टॅक्सी, त्याआधी अंघोळीचं बघा

विदर्भ, सोलापूर आणि कोल्हापूरहून येणाऱ्या साठ प्रतिनिधींसाठी बस ठेवावी की टॅक्सी, असं तुम्ही विचारलंय. अधिवेशन शनिवार-रविवार, नरिमन पॉइंटला. वाहनाचं जमतं हो. आधी सकाळी सहा ते नऊ ही माणसं कुठे असतील ते ठरवा.

विदर्भ, सिद्धेश्वर, महालक्ष्मी या तिन्ही गाड्या सकाळी लवकर सीएसएमटीला लागतात आणि हॉटेलवाले बाराच्या आत खोली देत नाहीत. आमच्या पहिल्या अधिवेशनात हे माझ्या लक्षातच आलं नाही. मलकापूरला गाडीत चढलेल्या एक बाई रात्रभर बसून आल्या होत्या. त्यांनी सभागृहाच्या बेसिनवर तोंड धुतलं, तिथेच कशीबशी साडी बदलली आणि तासाभरात व्यासपीठावर निबंध वाचला. पदर ओला होता, तो त्या हाताखाली दुमडून धरत होत्या. मला ते आजही लागतं. तेव्हापासून पाच खोल्या आम्ही आदल्या रात्रीपासूनच घेतो, दोन बायकांना, तीन पुरुषांना. अंघोळ, चहा, सामान, सगळं तिथे. पैसे कमी पडले तर हारतुरे आणि स्मृतिचिन्हं कमी करा.

नुसतं 'सीएसएमटीला भेटू' असं कळवू नका. लांब पल्ल्याच्या गाड्या 8 ते 18 नंबरच्या फलाटांवर येतात, त्यामुळे मिनीबस पी. डिमेलो रोडच्या बाजूला उभी करा. तुमचा माणूस लोकलच्या बाजूला सबवेपाशी थांबला की चुकामूक झालीच. शिवाय स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे, वाटा बदलतात. त्याने आदल्या दिवशी स्वतः चालून बघावं.

बस तेवढी सकाळी, सामानासाठी. राहायची सोय फोर्टात किंवा सीएसएमटीजवळ केलीत तर पुढे मेट्रो-3 आहे, सीएसएमटीनंतरचं तिसरं स्टेशन विधान भवन. भाडं कमी म्हणून ठाण्याला किंवा वाशीला खोल्या घेऊ नका. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक लागला की नवखा माणूस अडकतो.

परतीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच आठवड्यात काढायला लावा. विदर्भ संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणून समारोप साडेचारला संपवा. अध्यक्षांचं भाषण लांबणार असेल तर ते सकाळच्या सत्रात घ्या. दुपारी जेवणाच्या वेळी वेटिंगवर असलेल्यांची नावं लिहून घ्या आणि रात्रीसाठी त्या पाचातल्या दोन खोल्या सोडू नका.