खरखर कुठून येते, हे शोधण्याचे करिअर

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोटारीच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून 5 व्होल्ट देणारा 400 किलोहर्ट्झचा बक कन्व्हर्टर (स्विच वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारे सर्किट) मी प्रकल्पासाठी बनवला. व्होल्टेज अचूक मिळते, पण शेजारी रेडिओ लावला की एएम बँडवर खरखर येते. ‘ईएमआय (विद्युतचुंबकीय हस्तक्षेप) हा नशिबाचा खेळ आहे, त्यात करिअर करू नकोस,’ असे सीनियर सांगतात. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही रेडिओ लावून पाहिलात, हे मला फार आवडले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या खरखरीतच आहे. स्विचिंगचा गोंगाट मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींतही उमटतो, म्हणून 400 किलोहर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी लिहून पाहा : 800, 1200, 1600. या तिन्ही एएम बँडमध्ये, म्हणजे साधारण 530 ते 1800 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पडतात. यात नशिबाचा भाग कुठेच नाही. म्हणूनच मोटारीतील अनेक कन्व्हर्टर 2 मेगाहर्ट्झच्या थोडे वर चालवतात. त्यामुळे मूळ फ्रिक्वेन्सीच या बँडच्या पलीकडे जाते, मात्र स्विचिंगमधला ऊर्जेचा अपव्यय वाढतो आणि उष्णता बाहेर काढण्याचा प्रश्न उभा राहतो. काय मिळवण्यासाठी काय सोडायचे, हे आकड्यांनिशी ठरवणे हेच या क्षेत्रातले मुख्य काम आहे.

सीनियर असे म्हणतात त्यालाही कारण आहे. त्रास देणारे घटक सर्किट डायग्राममध्ये काढलेलेच नसतात. इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर आणि दोन स्विच यांच्या वळशातून करंट काही नॅनोसेकंदांत सुरू होतो आणि थांबतो. हा वळसा जितका मोठा, तितके त्याचे चुंबकीय क्षेत्र दूरवर पसरते. त्यामुळे तो कपॅसिटर आयसीच्या पिनांना अगदी खेटून हवा आणि खालच्याच थरात अखंड ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा सलग थर) हवा. स्विच नोडचे, म्हणजे दोन स्विच आणि इंडक्टर जिथे जुळतात त्या बिंदूचे, तांबे गरजेपुरतेच ठेवा. इंडक्टरवर ठिपका असेल, तर गुंडाळीचे ते सुरुवातीचे टोक स्विच नोडला जोडा, म्हणजे बाहेरचे वेढे आतल्या गोंगाटाला आडोसा देतात. गोंगाट अडवणारा फिल्टर कनेक्टरजवळ आणि स्विच नोडपासून दूर ठेवा, नाहीतर गोंगाट त्याला ओलांडून थेट तारांवर जातो.

माझा आग्रह असा की, याच सर्किटचे दोन बोर्ड बनवा : एकात तो कपॅसिटर दोन सेंटिमीटर दूर, दुसऱ्यात पिनांना लागून, बाकी सर्व तंतोतंत सारखे. कोअ‍ॅक्सियल केबलच्या टोकाला इन्सुलेटेड तारेचे लहानसे वेटोळे जोडून घरगुती प्रोब तयार करा, तो दोन्ही बोर्डांवर त्याच जागी, त्याच अंतरावर धरा आणि ऑसिलोस्कोपवरचे आकार नोंदवा. मुलाखतीत या दोन आलेखांबद्दल दहा मिनिटे नेमके बोलता आले, तर ते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक वजनदार ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यासात विद्युतचुंबकीय क्षेत्रे, फूरिए विश्लेषण आणि पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड) लेआउट यांकडे दुर्लक्ष करू नका. त्यासोबत सिस्पर 25 या मानकाची ओळख करून घ्या. वाहनातील रेडिओ आणि इतर रिसीव्हरच्या संरक्षणासाठी उत्सर्जनाच्या मर्यादा आणि मोजण्याच्या पद्धती त्यात दिलेल्या आहेत, आणि मोजणी 150 किलोहर्ट्झपासून सुरू होते.

नोकरीच्या वाटा तीन : पॉवर सप्लाय डिझाइन, ईएमसी (विद्युतचुंबकीय सुसंगतता) चाचणी प्रयोगशाळा आणि चिप कंपन्यांमधले अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरिंग, म्हणजे ग्राहकांना चिप नीट वापरायला मदत करणे. संधी मिळाली, तर सुरुवातीची एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत काढा. बोर्ड चाचणीत का नापास होतात, हे तिथे रोज पाहायला मिळते, आणि डिझाइनकडे वळल्यावर ती नजर उपयोगी पडते. विद्युत वाहनांत चार्जर आणि कन्व्हर्टर अधिक व्होल्टेजवर, अधिक वेगाने स्विच होतात, त्यामुळे हे काम वाढणारच आहे.

तूर्त दुसऱ्या बोर्डाचा लेआउट काढायला घ्या, आणि करंट कुठून जातो व कुठून परत येतो ते आधी कागदावर पेन्सिलने रेखाटा.