उदोन थानीतील तलावाकाठची बाग आणि पू-या देवस्थान

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त ईशान्य थायलंडमधील उदोन थानी या शहरात राहतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. तेथील नोंग प्राचाक तलावाची बाग आणि पू-या देवस्थान अवश्य पाहावे, असे तो म्हणतो. सासूबाई नियमितपणे दीक्षाभूमीवर जातात. पू-या येथे त्यांना बुद्धवंदना घेता येईल का? परक्या माणसांनी तेथे कसे वागावे? त्यांचे गुडघे दुखतात, हेही कृपया लक्षात घ्यावे.
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : पू-या हे बुद्धविहार नाही. त्या शहरात स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांचे ते देवस्थान असून, रेल्वे स्थानकापासून जवळच, नोंग बुआ या दुसऱ्या एका तळ्याच्या काठी आहे. पू आणि या, म्हणजे आजोबा आणि आजी, या दैवतांपुढे लोक धंदा, प्रकृती, मुलाबाळांचे शिक्षण अशी आपली गाऱ्हाणी मांडतात. तेथे जाण्यास कोणालाही मज्जाव नाही; मात्र डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला दैवतापुढे उदबत्ती लावणे रुचणार नसेल, तर बाजूला शांतपणे उभे राहून पाहण्यात कोणाचाही अवमान होत नाही. त्यांना "सगळे करतात, तुम्हीही करा" असा आग्रह कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

पाहण्यासारखे मात्र तेथे पुष्कळ आहे. भाविक गुडघे टेकून बांबूचे नळकांडे दोन्ही हातांनी हलवतात. आतल्या क्रमांक लिहिलेल्या काड्यांपैकी एक हळूहळू वर सरकत अखेर जमिनीवर पडते, आणि त्या क्रमांकाची भविष्याची चिठ्ठी घेतली जाते. काही जण चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे खाली टाकतात. त्यांची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. एक तुकडा सपाट बाजूवर आणि दुसरा फुगीर बाजूवर पडला, तर देवाचा होकार मिळाला असे समजतात. हा त्यांचा खाजगी क्षण असतो, म्हणून अशा वेळी समोर उभे राहून छायाचित्र घेऊ नये.

वंदनेसाठी सासूबाईंना वाट फोथिसोम्फोन या विहारात न्यावे. ते नोंग प्राचाकच्या जवळच आहे. थायलंडमधील परंपरा थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांना प्रमाण मानणारी, असल्यामुळे वंदना पालीतच होते. उच्चारांची धाटणी निराळी असली, तरी "नमो तस्स भगवतो" कानी पडताच त्यांना ती आपली वाटेल. पादत्राणे बाहेर काढावीत आणि बसताना तळपाय बुद्धमूर्तीकडे करू नयेत. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. दान द्यायचे असेल, तर भिक्खू समोर कापड पसरतात, त्यावर ठेवावे. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीने खुर्चीवर बसून वंदना घेतली, तर तिकडे कोणी वावगे मानत नाही.

आता बागेविषयी. 1893 मध्ये फ्रान्सशी झालेल्या संघर्षानंतर सयामला (तेव्हाच्या थायलंडला) मेकाँग नदीच्या काठापासून 25 किलोमीटरच्या पट्ट्यातून आपले सैन्य मागे घ्यावे लागले, तेव्हा राजे चुलालोंगकोर्न यांचे सावत्र बंधू राजपुत्र प्राचाक यांनी नदीकाठच्या नोंग खाईहून दक्षिणेला येऊन येथे तळ हलवला. त्यातूनच आजचे शहर उभे राहिले आणि तलावालाही त्यांचेच नाव मिळाले. आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाप्रमाणे येथेही संध्याकाळी सारे शहर लोटते. पाण्यावर प्रचंड आकाराची पिवळी बदके तरंगतात, मुले त्यांच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढून घेतात, आणि काठावर चटया अंथरून पायांना मालीश करून देणाऱ्या बायकाही भेटतात. सासूबाईंनी तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट धरू नये. थोडे चालून काठाशी बसावे.

संध्याकाळी सहा वाजता ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत सुरू होते. धावणारे, व्यायाम करणारे सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. आपणही तसेच उभे राहावे. सासूबाई बसलेल्या असतील आणि त्यांना चटकन उठणे जमणार नसेल, तर निदान बोलणे थांबवावे. सार्वजनिक बागेत मद्यपान आणि धूम्रपान यांना तेथे कायद्याने बंदी आहे, हे मुलाच्या मित्रमंडळींबरोबर डबापार्टीचा बेत असल्यास ध्यानात ठेवावे.

तुमच्या तारखांबाबत एक सूचना आहे. पू-या देवस्थानचा वार्षिक उत्सव डिसेंबरच्या सुरुवातीलाच येतो. त्यात मिरवणूक, ड्रॅगन नृत्य आणि मोठी गर्दी असते. उत्सव पाहायचा असल्यास ही उत्तम वेळ आहे. पण गर्दीत उभे राहणे सासूबाईंना झेपणार नाही. त्यांच्यासाठी सकाळची वेळ ठेवावी, आणि मुलाला देवस्थानात जाऊन मिरवणुकीचे दिवस आधीच विचारून ठेवायला सांगावे.